रेडवुडखालचं आभारप्रदर्शन

३ मे, शनिवार

आजपासून दैनंदिनी. दोन मोठी कामं हातात आहेत, आणि पुढेमागे कुणी विचारलं तर सगळं व्यवस्थित नोंदलेलं असावं. एकतीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढली. दर पाच मिनिटांनी पेशंटची नोंद करायची सवय निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी जात नाही. आता पेशंट नाहीत, बर्मिंगहॅमचं मराठी मंडळ आहे.

काम पहिलं: मंडळाचा कॅम्प. आपण दर वर्षी काय करतो? गणपती, दिवाळी, आणि मध्ये कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये बटाटेवडे. यंदा अध्यक्ष या नात्याने मी तंबूंचा कॅम्प ठरवला आहे. जूनअखेर, दोन रात्री, वेल्सच्या सीमेजवळ रेडवुडची राई. जागा मी शोधली. म्हणजे नाव मधूने सुचवलं, पण वेबसाइट मी उघडली.

काम दुसरं, आणि हे गुप्त: नऊ सप्टेंबरला मी आणि मधू कायमचे पुण्याला परत जातोय. बाणेरचा फ्लॅट तयार आहे. तिकिटं काढली आहेत, फक्त जायची. मधूला यातलं अक्षरही ठाऊक नाही. एक्क्याण्णव सालच्या, इंग्लंडमधल्या पहिल्या थंडीत, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये, ती ओट्याशी उभी राहून रडत होती. म्हणाली होती, "अहो, पाच वर्षांत परत जायचं. शब्द द्या." मी दिला होता. पाचाची चौतीस झाली हे खरं, पण शब्द तो शब्द. कॅम्पमध्ये शेकोटीभोवती सगळ्यांसमोर जाहीर करणार. तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

५ मे, सोमवार

बँक हॉलिडे. आमच्याकडे कार्यकारिणीची बैठक. अतुल (सचिव, बँकेत आहे) आणि नीना (त्याची बायको, दातांची डॉक्टर, दुसऱ्यांना तोंड उघडायला लावते आणि स्वतःचं कधी मिटत नाही) वेळेवर आले. मी कॅम्पची रूपरेषा मांडली. सव्वादोन तास लागले. अतुल म्हणाला, "जयंतराव, तुमचं बोलणं ऐकलं की तुमचा व्यवसाय काय होता ते कुणालाही कळेल." अशी दाद अलीकडे कोण देतं?

कामांची वाटणी झाली. स्वागत आणि अध्यक्षीय भाषण: मी. गॅस आणि शेगड्या: अतुल. मिसळ: नीना. आभारप्रदर्शन: मधू. आभार ती गेली बावीस वर्षं करते आहे, कारण दुसरं कुणी घेत नाही. आभार म्हणजे लोकांची चपला शोधायची वेळ. कुणी ऐकत नाही, पण नाही केले तर "आभारसुद्धा मानले नाहीत" म्हणून वर्षभर बोलतात. मधूचा आवाज शांत आहे, त्यामुळे लोकांना उठायला अडचण होत नाही.

चहा देताना ती म्हणाली, "मला तुमच्याशी जरा बोलायचंय. कॅम्पचं नाही, दुसरंच." बैठक चालू असताना हे बरं दिसत नाही. मी हसून म्हटलं, "आयत्या वेळचे विषय शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने." सगळे हसले. शेवटी वेळ उरला नाही.

११ मे, रविवार

मधूने तंबू मागवला. आज आला. एकट्या माणसाचा आहे, हिरवा, चपलांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी पिशवी. मी म्हटलं, "अगं, आपल्याला दोघांचा हवा." म्हणाली, "तुमचा तुम्ही आणा." बरोबर आहे, माझ्या घोरण्यावर तिचं मत जुनं आहे.

दुपारी मागच्या बागेत तिने तो एकटीने उभा केला. अकरा मिनिटं. मी खिडकीतून घड्याळ लावलं होतं. आज प्रॅक्टिस म्हणून तिथेच झोपणार म्हणाली. या वयात काय हौस!

२४ मे, शनिवार

मधू अजून तंबूतच झोपते. आज चौदावी रात्र होईल. मंगळवारी पाऊस झोडपत होता, तरी आत आली नाही. सकाळी मी काचेतून पाहिलं तर तंबूच्या तोंडाशी पाय पसरून चहा पीत बसली होती, एकटीच, आणि हसत होती. कशाला ते कळलं नाही. पक्षी वगैरे असेल.

सगळ्या सभासदांनी एवढी तयारी केली तर आपला कॅम्प आदर्श होईल. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं उदाहरण दिलं. नीनाने नुसता अंगठा टाकला.

नकुलचा बेसिंगस्टोकहून फोन. आमचा एकुलता एक, तेहतीस वर्षांचा, तिथे आयटीत आहे. त्याचं मराठी म्हणजे सामान हलवताना फुटलेल्या कपबश्या.

"बाबा, आई बाहेर झोपतो? एव्हरी नाइट?"

"झोपते. प्रॅक्टिस करतेय."

"प्रॅक्टिस फॉर व्हॉट?"

"अरे, कॅम्पची!"

तो म्हणाला, "तुम्ही तिला विचारलं?" यात विचारायचं काय? तंबू दिसतोय की.

३ जून, मंगळवार

मंगळवार आणि शनिवार मधू झाडं मोजायला जाते. दीड वर्ष झालं. पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाली आणि महिन्याभरात हे सुरू केलं. गाडी घेऊन सकाळी सातला निघते ती संध्याकाळी चिखल घेऊन येते. बुंध्याला टेप लावायची, उंची काढायची, वहीत लिहायचं. कुठली झाडं, ते एकदा सांगितलं होतं. पुण्याला गेल्यावर हे सुटेल, पण तिथे एम्प्रेस गार्डन आहे.

आज जेवताना म्हणाली, "ऑगस्टपासून मला एक काम मिळतंय. कागद आलेत. सही करायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं." मी तेव्हा तंबूंचा नकाशा काढत होतो, कुठल्या कुटुंबाचं तोंड कुठे. म्हटलं, "कर की सही. मी कधी अडवलंय तुला?" म्हणाली, "नाही. अडवलं कधीच नाही." ऑगस्ट म्हणजे निघायच्या आधीचा महिना. जीव रमेल तिचा.

पुण्याचं गुपित ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

१५ जून, रविवार

कॅम्पचं पत्रक लिहिलं. पहिलं वाक्य: "शतकानुशतकं तपश्चर्येला बसलेल्या प्राचीन अरण्यात." मधूने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "एकशे साठ वर्षांची आहेत ती. व्हिक्टोरियाच्या काळात कुणा हौशी जमीनदाराने कॅलिफोर्नियाहून बी आणून लावली. तिकडे दोन-दोन हजार वर्षांची असतात. त्या हिशेबाने ही अजून शाळेत जातात."

म्हटलं, "लोकांना प्राचीन आवडतं."

"मग लिहा."

लिहिलं. या विषयात तिला एवढी माहिती कुठून, आश्चर्य वाटतं.

माझ्यासाठी दोन माणसांचा तंबू आणला. उभा करायला एक तास चाळीस मिनिटं लागली. एक काठी उरली. दुकानदाराने जास्तीची दिली असणार.

२७ जून, शुक्रवार

पोचलो. अठ्ठावीस माणसं, नऊ गाड्या, चार शेगड्या, एक बॅनर. बॅनर झाडाला बांधायला मनाई निघाली, मग अतुलच्या गाडीला बांधला. त्यामुळे अतुलला गाडी हलवता येईना आणि विसरलेलं दूध आणायला नीना चालत गेली.

झाडं मात्र... लिहायला बसलो आणि शब्द सापडत नाहीत, हे माझ्या बाबतीत होत नाही. मान मागे टाकून शेंडा शोधायचा तर टोपी पडते. खाली एकदम शांत. अठ्ठावीस मराठी माणसं असूनही शांत, यावरून कल्पना यावी. साल तांबडी आणि मऊ. मधू म्हणाली, "बुक्की मारून बघा." मारली. लागलंच नाही. सालीत एके ठिकाणी मुठीएवढा खळगा होता. म्हणाली, त्यात एक चिमुकला पक्षी रात्री अंग चेपून झोपतो, साल ऊबदार असते म्हणून. मी विचारलं, "तुला कसं माहीत?" म्हणाली, "मंगळवारी दिसतो."

इथली वॉर्डन, म्हणजे राईची देखभाल करणारी, ग्वेन नावाची बाई आहे, पन्नाशीची, बुटांना चिखल. अत्यंत अगत्यशील. आम्ही उतरताच "मॅडी!" म्हणून मधूला मिठी मारली. सभासदांची यादी आधीच वाचून ठेवली असणार, नाहीतर नाव कसं कळेल? माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाली, "तुम्ही जयंत! तुम्हाला हे सगळं चालणार आहे हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं." मी म्हटलं, चालणार म्हणजे काय, कल्पनाच माझी. ती जरा गोंधळली. मग तिने मधूच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला: शेड, पाण्याचा पंप, फाटक. अध्यक्ष मी असताना किल्ल्या तिला का, असं क्षणभर वाटलं. पण बायका बायकांवर विश्वास ठेवतात.

माझा तंबू बेसिंगस्टोकहून आलेल्या नकुलने लावून दिला. उरलेली काठी त्याला बरोबर कुठे घालायची ते कळलं. मधूचा हिरवा तंबू आमच्या रांगेत नाही. तिने तो पलीकडे, वॉर्डनच्या कॉटेजजवळ लावला आहे. नकाशात तसं नव्हतं.

२८ जून, शनिवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी पोहे. मग निसर्गफेरी, मार्गदर्शक मधू. (ग्वेननेच सुचवलं.) मुलं तिच्या मागे मागे. एरवी हीच मुलं आपल्या कार्यक्रमात टेबलाखाली फोन घेऊन बसतात. दुपारी अंताक्षरी, पाऊस, पुन्हा अंताक्षरी. नीनाच्या मिसळीने शेजारच्या कॅम्पमधले तीन इंग्रज आणि त्यांचा कुत्रा आले. कुत्र्याला दिली नाही.

साडेसातला लख्ख उजेडात शेकोटी. झाडांखाली आग चालत नाही, म्हणून मोकळ्या जागेत लोखंडी घमेल्यात. माझं अध्यक्षीय भाषण. पंचवीस मिनिटं. सुरुवात प्राचीन अरण्यापासून, मग मंडळाची वाटचाल, मग हळूच मुद्द्यावर आलो. म्हटलं, "मित्रहो, या वृक्षांकडे पाहा. मुळाला घट्ट धरून आहेत म्हणून आभाळाला भिडलेत. माणसानेही शेवटी आपल्या मातीत परत जावं."

नकुल मध्येच म्हणाला, "बट बाबा, हा झाड तर कॅलिफोर्नियाचा आहे ना?"

पोरांना उपमा कळत नाही. पुढे गेलो. चौतीस वर्षांपूर्वीचा शब्द, ओट्याशी रडणारी तरुण मुलगी, सगळं सांगितलं. माझा स्वतःचा आवाज भरून आला. "नऊ सप्टेंबरला मी आणि मधुमती कायमचे पुण्याला जात आहोत!" टाळ्या. अतुल उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली. मी मधूकडे पाहिलं. ती आगीकडे बघत होती. आनंदाने थिजली असावी.

मग तिचे आभार. ठरली होती तीन मिनिटं, घेतली सात. सवयीप्रमाणे लोक उठायला लागले होते, अर्धे चहाच्या रांगेत. तिने कागद काढला नाही. दर वेळी असतो. म्हणाली:

"अध्यक्षमहोदय आणि मंडळी. अतुलने चार शेगड्यांना गॅस पुरवला, त्याचे आभार. नीनाने पहाटे उठून कांदा चिरला, तिचे आभार. मुलांनी झाडं मोजली आणि एकानेही खोटा आकडा सांगितला नाही, त्यांचे आभार. ग्वेनचे आभार मी इंग्रजीत मानलेत. आता अध्यक्षांचे. चौतीस वर्षांत त्यांनी मला कुठे जायचं याचा विचार कधी करू दिला नाही. राहायला हल ठरवून सांगितलं, डडली ठरवून सांगितलं, बर्मिंगहॅम ठरवून सांगितलं. आज पुणंही ठरवून सांगितलं. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, पाय घसरू दिला नाही. त्यांचे मनापासून आभार. आता यापुढचं मी ठरवलं आहे. ऑगस्टपासून मी इथे कामाला येते आहे, राहायलाही इथेच, त्या कॉटेजमध्ये. त्यांच्या पुण्याच्या प्रवासाला माझ्या शुभेच्छा. चहा तयार आहे, आलं जरा जास्त झालंय."

टाळ्या झाल्या, आभारानंतर होतात तेवढ्याच. चहाच्या रांगेतले चहाच घेत होते. नीना मात्र उभी राहिली होती आणि बसेना. नकुलही.

एकंदरीत बरं झालं. तरी दोन त्रुटी: एक, भांडी धुणाऱ्या समितीचे आभार राहिले. दोन, "त्यांच्या प्रवासाला" काय? बोलण्याच्या भरात होतं असं. महिनाभर इथे कॉटेजमध्ये राहायचं म्हणते, तर राहू दे. सामान बांधायला मी आहेच.

चहात आलं खरंच जास्त होतं.

२९ जून, रविवार

सकाळी नऊला तंबूबाहेर आलो तर अतुल, नीना आणि चारपाच जण खुर्च्यांचं कोंडाळं करून बसले होते. मला बघून अतुल उठला. "जयंतराव, तुम्ही जाणार म्हणून... म्हणजे उगाच जागा रिकामी नको... नीनाला अध्यक्ष केलंय. हात वर करून. एकमताने."

"अहो पण मी सप्टेंबरपर्यंत आहे!"

"तुम्हाला तयारीला वेळ मिळावा," नीना म्हणाली. मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "जयंतराव, काही लागलं तर आमच्याकडे जेवायला येत जा. संकोच करू नका." जेवायला? मधू असताना?

नकुलने मला बाजूला नेलं. त्या मोठ्या झाडामागे. हा मुलगा लहानपणी वाईट मार्क सांगायचा तेव्हा असाच जमिनीकडे बघायचा.

"बाबा, आई नाही येणार पुण्याला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिने. काल. सगळ्यांच्या समोर. तुम्ही पण होता."

मी म्हटलं, ते आभारप्रदर्शन होतं.

"आय नो, बाबा," तो म्हणाला आणि त्याने मला मिठी मारली. चौदाव्या वर्षानंतर पहिली. मी हात कुठे ठेवावे ते न कळून झाडाला टेकवले.

गाडीत मधू चालवत होती. वीस मैलांनंतर मी म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं."

"कधी?"

"मेमध्ये म्हणाले, बोलायचंय. तुम्ही म्हणालात, आयत्या वेळच्या विषयांत. जूनमध्ये कागद दाखवत होते, तुम्ही नकाशा काढत होतात. परवा ग्वेनने तुमच्या तोंडावर सांगितलं. मग म्हटलं, आभार तरी माझे मला आहेत. तिथे मला कोणी थांबवत नाही."

"शब्द दिला होता मी. तो पाळतोय तर चूक झाली?"

तिने गाडी रस्त्याकडेला घेऊन थांबवली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हा पाळायचा होता, अहो. मी ओट्याशी रडत होते तेव्हा. ती मुलगी वाट बघून बघून राहिली इथेच, आणि मग तिला इथलं आवडायला लागलं. ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही तेव्हा कामात होतात. मी तक्रार करत नाही. कामात होतात हे खरंच आहे."

मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग भीती वाटली. भीती सगळ्यात जास्त. हे कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहून ठेवतो.

२ जुलै, बुधवार

या दैनंदिनीची मागची पानं वाचली. पाच मे, चोवीस मे, तीन जून. माझं अक्षर स्वच्छ आहे, नोंदी पूर्ण आहेत, एकाही शब्दाची खाडाखोड नाही. ऑपरेशन टेबलावर पेशंटचा श्वास जरा बदलला तरी मला मागे न बघता कळायचं. लोक नावाजायचे त्याबद्दल. जाऊ दे.

कॅम्पनंतर तंबू बागेत परत लागला नाही. गवतावर पिवळा चौकोन राहिलाय. मधू आता वरच्या छोट्या खोलीत झोपते.

११ जुलै, शुक्रवार

युक्ती सुचली होती: मंडळाला माझी गरज आहे, म्हणून जाणं लांबवावं. अतुलला फोन केला. म्हणाला, नीनाने पहिली बैठक घेतली, पस्तीस मिनिटांत आटोपली, सगळे वेळेत घरी गेले. "लोक म्हणतात, असंही असतं होय!" मग घाईने म्हणाला, "म्हणजे तुमचीही मजा वेगळी होती, जयंतराव."

बाणेरच्या फ्लॅटचे फोटो आले. स्वयंपाकघराचा ओटा फार सुंदर आहे, काळ्या दगडाचा. मधूला दाखवले. तिने मन लावून पाहिले, म्हणाली, "उजेड छान येतो." मला वाटलं विरघळली. मग म्हणाली, "पोळ्या करायला बाई लावून घ्या. तुम्हाला हॉटेलचं सोसत नाही." माझ्या गोळ्यांची यादी करून दिली, सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या. किती नीट लिहिली आहे. मला यादी नको होती.

२० जुलै, रविवार

सोमवारपर्यंत एक तिकीट रद्द करायचं की दोन, ते ठरवायचं आहे. आज सकाळी मधू बागेत बूट घासत होती. मी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसलो. ती घासत राहिली. मग विचारलं.

"मधू, मी नाही गेलो तर? इथेच राहिलो तर... तुला चालेल?"

तिने ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, काही मोजायचं असल्यासारखं.

"घर तुमचं आहे, मला न चालायला काय झालं? मी शनिवार-रविवार येईन. नाहीतर तुम्ही या तिकडे. कॉटेजला दोन खुर्च्या आहेत."

"मग थांबतो. तुझ्यासाठी—"

"नाही." तिने हात वर केला, शाळेतल्या बाईंसारखा. "माझ्यासाठी थांबलो, असं म्हणायचं नाही. मला नाही, नकुलला नाही, मंडळात तर नाहीच. उद्या तुम्हाला पुणं आठवलं की त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटेल, आणि मी परत आयुष्यभर आभार मानत बसेन. थांबायचं तर खुशाल थांबा. पण तुमचं स्वतःचं कारण शोधा. सापडलं की सांगा, मी ऐकेन."

बूट घेऊन ती आत गेली. मी कागद घेऊन बागेतच बसलो. हवा: बाणेरची चांगली. मित्र: अतुल येऊन जातो, पण नीनाला बैठका असतात. बाग: कुठल्या झाडाचं नाव काय ते मला सांगता येत नाही. तब्येत: उत्तम, दुर्दैवाने. मंडळ: खोडलं. क्रिकेट: तिकडे जास्त. जेवायची हाक आली, जेवलो, पुन्हा येऊन बसलो. आता पाच वाजलेत. प्रामाणिकपणे सांगायचं तर कारण एकच सापडतंय, आणि नेमकं तेवढंच सांगायची तिने बंदी केली आहे.